शंका-समाधान : केट कोणता, ब्रा कोणता, संख्या कोणती?

या अंकात क्वांटम मेकॅनिक्समधल्या ब्रा-केट लेखनाविषयीचेच प्रश्न घेतले आहेत. या लेखनात |अ⟩ हा केट, म्हणजे अवस्था दाखवणारा सदिश, आणि ⟨अ| हा त्याचा ब्रा. ब्रा आणि केट जोडले की ⟨ब|अ⟩ ही संख्या, म्हणजे इनर प्रॉडक्ट मिळते. तिच्या परिमाणाचा वर्ग म्हणजे संभाव्यता. उत्तरांत अवस्थांना अ, ब अशी नावे दिली आहेत. दिशांना क्ष, य, झ म्हटले आहे आणि ज्या काल्पनिक संख्येचा वर्ग −१ येतो तिला ‘आय’. कॉम्प्लेक्स कॉन्जुगेट म्हणजे ‘आय’चे चिन्ह उलटवलेली संख्या. † ही खूण डॅगरची : मॅट्रिक्सचे रो आणि कॉलम अदलून प्रत्येक घटकाचा कॉन्जुगेट घ्यायचा.

प्रश्न : वेव्ह फंक्शन अ(क्ष) आणि केट |अ⟩ हे एकच ना? मग दोन चिन्हे कशाला शिकायची?
— विद्यार्थिनी, बी.एस्सी. तृतीय वर्ष, धरमपेठ

एकच नाही. आणि हा फरक पहिल्याच आठवड्यात पक्का झाला नाही तर पुढचे सगळे प्रकरण पाठांतर होऊन बसते.

नागपुरातल्या झिरो माइलच्या खांबापासून दीक्षाभूमीपर्यंत एक सरळ बाण काढा. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे अक्ष धरले तर बाणाचे दोन घटक मिळतात : इतके दक्षिणेला, इतके पश्चिमेला. आता तेच अक्ष थोडे फिरवून एखाद्या रस्त्याच्या दिशेने घ्या. दोन्ही आकडे बदलतील, पण बाण जिथे होता तिथेच राहील. |अ⟩ हा बाण आहे. अ(क्ष) हे एका ठरावीक बेसिसमधले (म्हणजे निवडलेल्या अक्षांच्या संचातले) त्याचे आकडे आहेत, फक्त दोन नसून प्रत्येक क्ष साठी एक.

हे आकडे काढायचे कसे, तेही याच लेखनात येते : अ(क्ष) = ⟨क्ष|अ⟩. डावीकडे स्थानाचा ब्रा, उजवीकडे अवस्थेचा केट, दोघे मिळून एक संख्या. त्याच |अ⟩ ला संवेगाचा ब्रा लावला की ⟨प|अ⟩, म्हणजे संवेगातले वेव्ह फंक्शन. ऊर्जा-पातळ्यांचे ब्रा एकामागून एक लावले की ⟨१|अ⟩, ⟨२|अ⟩, ⟨३|अ⟩ असा कॉलम. हायझेनबर्ग यांची १९२५ची मॅट्रिक्सची मांडणी आणि श्रोडिंगर यांचे १९२६चे तरंग-समीकरण दिसायला अगदी निराळे, पण दोन्हींत वर्णन त्याच बाणाचे आहे. पॉल डिरॅक यांनी १९३९ साली हे लेखन सुचवले ते बेसिस न निवडता बाणाविषयीच बोलता यावे म्हणून.

म्हणून वहीत ‘|अ⟩ = अ(क्ष)’ असे कधीही लिहू नका. डावीकडे सदिश आहे, उजवीकडे संख्या. अशा ओळीचे गुण जातात आणि जायलाच हवेत.

एका बेसिसमधून दुसऱ्यात जाताना मध्ये |क्ष⟩⟨क्ष| घालायचे आणि सगळ्या क्ष वर इंटिग्रल करायचे. ⟨प|अ⟩ काढताना ⟨प|क्ष⟩ लागतो. ⟨क्ष|प⟩ मध्ये घातांकात अधिक आय·प·क्ष भागिले एच-बार (प्लँकचा स्थिरांक भागिले २π) असते. ⟨प|क्ष⟩ हा त्याचा कॉन्जुगेट, म्हणून तिथे उणे. फूरिये रूपांतरातले ते उणे चिन्ह अनेक जण घोकून ठेवतात. ब्रा आणि केट यांची अदलाबदल झाली एवढे दिसले की ते आपोआप लिहिले जाते.

प्रश्न : अवस्था |अ⟩ = (३|वर⟩ + ४·आय|खाली⟩)/५ अशी दिली आहे. य दिशेने स्पिन मोजला तर ‘अधिक’ मिळण्याची संभाव्यता माझ्याकडे ०.०२ येते, उत्तरसूचीत ०.९८ आहे. बेरीज तपासली, ती १ च येते. चूक कुठे आहे?
— एम.एस्सी. प्रवेश परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी, महाल

उत्तरसूची बरोबर आहे. तुमच्याकडून ब्रा तयार करताना कॉन्जुगेट घ्यायचा राहिला. ही चूक चांगली समजून घेण्यासारखी आहे, कारण ती अगदी विश्वासार्ह दिसणारे उत्तर देते.

क्रमाने करू. स्पिन म्हणजे कणाचा अंगभूत कोनीय संवेग. |वर⟩ आणि |खाली⟩ हे त्याचे झ दिशेचे केट. य दिशेचा ‘अधिक’ केट असा :

|य+⟩ = (|वर⟩ + आय|खाली⟩)/√२

याचा ब्रा करताना दोन गोष्टी होतात : केट उलटून ब्रा होतो आणि प्रत्येक सहगुणकाचा कॉन्जुगेट घेतला जातो. म्हणून

⟨य+| = (⟨वर| − आय⟨खाली|)/√२

आता |अ⟩ ला लावा. ⟨वर|वर⟩ = १, ⟨खाली|खाली⟩ = १, ⟨वर|खाली⟩ = ०. चारपैकी दोनच पदे उरतात : ३ आणि (−आय)(४·आय). दुसरे पद +४ होते. म्हणून ⟨य+|अ⟩ = ७/(५√२). या संख्येच्या परिमाणाचा वर्ग ४९/५०, म्हणजे ०.९८.

कॉन्जुगेट विसरलात तर दुसरे पद (आय)(४·आय) = −४ होते, बेरीज −१ आणि संभाव्यता १/५० = ०.०२. पण १/५० ही |य−⟩ ची खरी संभाव्यता आहे. तुम्ही ‘अधिक’ आणि ‘उणे’ यांची अदलाबदल केलीत. दोन्ही आकडे तेच राहिले, जागा फक्त बदलल्या, म्हणून बेरीज १ आली. बेरजेची तपासणी ही चूक पकडूच शकत नाही.

पकडणारी तपासणी दुसरी आहे. ब्रा लिहिल्यावर आधी तो स्वतःच्याच केटला लावा. ⟨य+|य+⟩ = (१ + (−आय)(आय))/२ = १. कॉन्जुगेट नसलेला ब्रा लावला तर (१ + आय·आय)/२ = ० येतो. सदिशाची स्वतःशी इनर प्रॉडक्ट शून्य आली म्हणजे ब्रा चुकला. ही ओळ अर्ध्या मिनिटाची आहे. काल्पनिक सहगुणक दिसला की ती लिहायचीच.

आणखी एक पडताळा सरासरी मूल्यांचा. एच-बार/२ च्या एककात य दिशेच्या स्पिनची सरासरी ०.९८ − ०.०२ = ०.९६. झ दिशेची ९/२५ − १६/२५ = −०.२८. क्ष दिशेला ⟨क्ष+|अ⟩ = (३ + ४·आय)/(५√२), परिमाणाचा वर्ग २५/५०, म्हणजे संभाव्यता निम्मी आणि सरासरी ०. तिन्हींचे वर्ग मिळवा : ०.९२१६ + ०.०७८४ + ० = १. एकाच अर्ध-स्पिन कणाच्या कुठल्याही शुद्ध (म्हणजे एकाच केटने सांगता येणाऱ्या) अवस्थेसाठी ही बेरीज १ यायलाच हवी. हा पडताळा घटकांची चिन्हे तपासत नाही, आकडे तपासतो. चिन्हासाठी वरचीच कसोटी.

क्ष दिशेच्या ब्रामध्ये काल्पनिक काही नसते, त्यामुळे तिथे कॉन्जुगेट विसरला तरी उत्तर बरोबर येते. वर्गात सोडवलेली उदाहरणे बहुधा क्ष दिशेची असतात आणि ही सवय न कळत लागते.

प्रश्न : ⟨ब|अ⟩ ही संख्या, हे कळते. |अ⟩⟨ब| हे काय आहे?
— वाचक, सक्करदरा

ऑपरेटर. ओळखायची रीत सरळ आहे : त्याच्या उजवीकडे एखादा केट ठेवून पाहा. |अ⟩⟨ब| च्या उजवीकडे |क⟩ ठेवला की ⟨ब|क⟩ ही संख्या तयार होते आणि बाहेर |अ⟩ उरतो. केट आत गेला, केट बाहेर आला. मॅट्रिक्सच्या भाषेत कॉलम गुणिले रो, म्हणजे पूर्ण चौकोनी मॅट्रिक्स. रो गुणिले कॉलम केले तर एकच संख्या.

|वर⟩⟨खाली| घ्या. ‘खाली’ दिला की ‘वर’ देतो, ‘वर’ दिला की शून्य. याला एच-बारने गुणले की तुमच्या पुस्तकातला स्पिनचा रेझिंग ऑपरेटर.

याचा सगळ्यात मोठा उपयोग एककाच्या ऑपरेटरसाठी होतो. पूर्ण, नॉर्मलाइज केलेल्या (⟨न|न⟩ = १) आणि परस्परलंब बेसिससाठी ∑|न⟩⟨न| = १. हे ‘१’ कुठल्याही ठिकाणी घालता येते. तीन ठिकाणी मुले घसरतात. एकाच गणितात दोन जागी हे घातले आणि दोन्हीकडे न हेच अक्षर ठेवले, तर दोन स्वतंत्र बेरजांची एक बेरीज होते आणि मॅट्रिक्सचे फक्त कर्ण-घटक उरतात. दुसऱ्या जागी म हे अक्षर घ्या. बेसिस नॉर्मलाइज केलेला नसेल तर प्रत्येक पदाला ⟨न|न⟩ ने भागावे लागते. आणि अनंत पातळ्यांपैकी पहिल्या दोन-तीनच घेतल्या तर ती बेरीज १ नसते, ते अंदाजी उत्तर असते आणि तसे लिहावे लागते.

प्रश्न : हार्मोनिक ऑसिलेटरमध्ये लोअरिंग ऑपरेटर |०⟩ वर लावला की ० येतो. म्हणजे |०⟩ तसाच राहिला का?
— विद्यार्थी, पाचवे सेमिस्टर, कामठी

नाही. केटच्या आतला ० हे फक्त नाव आहे, सर्वांत खालच्या पातळीचे. तिची ऊर्जा अर्धा एच-बार-ओमेगा (ओमेगा म्हणजे ऑसिलेटरची कोनीय वारंवारता), आणि ⟨०|०⟩ = १. बाहेरचा ० हा शून्य सदिश, त्याचे परिमाण ०. तो कुठलीच भौतिक अवस्था दाखवत नाही.

आतल्या खुणेवर अंकगणित चालत नाही. |१⟩ + |२⟩ म्हणजे |३⟩ नव्हे, आणि २|१⟩ म्हणजे |२⟩ नव्हे. लोअरिंग ऑपरेटर |न⟩ वर √न·|न−१⟩ देतो, रेझिंग √(न+१)·|न+१⟩ देतो. न = ० घातला की पहिल्यात √० येतो, म्हणून शून्य सदिश. सूत्रात |−१⟩ दिसला म्हणून घाबरायचे कारण नाही, त्याचा गुणक ० आहे.

प्रश्न : ⟨अ|क|ब⟩ मध्ये ऑपरेटर क डावीकडे लावायचा की उजवीकडे? विद्यार्थ्यांना एकच नियम सांगायचा असेल तर कोणता सांगावा?
— अध्यापिका, कनिष्ठ महाविद्यालय, हिंगणा मार्ग

मॅडम, दोन्हीकडे लावता येतो आणि उत्तर एकच येते, हेच तर या लेखनाचे मोठे सुख आहे. पण नियम सांगताना ‘उजवीकडे क, डावीकडे त्याचा डॅगर’ असे सांगितले की मुले डॅगर दोनदा लावतात. असे सांगून पाहा : ब्रावर काम करायचे असेल तर आधी सगळे केटमध्ये बदला, तिथे करा आणि मग परत ब्रा करा. ⟨अ|क हा ब्रा हवा असेल तर क†|अ⟩ हा केट काढा आणि त्याचा ब्रा घ्या.

उदाहरणाला रेझिंग ऑपरेटर पुरेसा आहे. ⟨न| च्या उजवीकडे रेझिंग ऑपरेटर आहे. त्याचा डॅगर म्हणजे लोअरिंग. लोअरिंग |न⟩ वर √न·|न−१⟩ देतो. परत ब्रा केला की √न·⟨न−१|. रेझिंग ऑपरेटर ब्रावर मात्र पातळी खाली आणतो, हे मुलांना एकदा फळ्यावर दिसले की √न आणि √(न+१) यांचा गोंधळ पुष्कळ कमी होतो.

क हर्मिशियन असेल, म्हणजे क† = क, तर फरकच पडत नाही. ऊर्जा, स्थान, संवेग, स्पिनचे घटक हे सगळे हर्मिशियन, म्हणून चुकीचा नियमही बराच काळ उघडा पडत नाही. सरावाला निदान एक हर्मिशियन नसलेला ऑपरेटर द्यावाच.

अनेक ऑपरेटर एकापुढे एक असतील तर डॅगर घेताना क्रम उलटतो : (कख)† = ख†क†.

प्रश्न : उत्तरपत्रिकेत कोन-कंस काढायला वेळ जातो. साधा कंस चालेल का?
— विद्यार्थी, सीताबर्डी

नको. साधा कंस गुणाकाराचा वाटतो, आणि घाईतला कोन ‘पेक्षा लहान’सारखा दिसतो. उभी रेघ कोनाइतकीच उंच काढा, म्हणजे ती १ वाटणार नाही. शक्य तिथे आधी ⟨न|अ⟩ ला न-वा सहगुणक असे नाव द्या आणि पुढे तेच नाव वापरा. कंस निम्मे होतात.

प्रश्न : दोन स्पिनची अवस्था दिली आणि ‘ती एन्टँगल्ड आहे का?’ असे विचारले तर प्रत्येक वेळी गुणाकार शोधत बसावे लागते. दुसरा मार्ग आहे का?
— विद्यार्थिनी, एम.एस्सी. प्रथम वर्ष, प्रतापनगर

आहे, आणि तो एका ओळीचा आहे. एन्टँगल्ड म्हणजे दोन कणांच्या वेगवेगळ्या केटचा गुणाकार म्हणून लिहिता न येणारी अवस्था. |वर,वर⟩, |वर,खाली⟩, |खाली,वर⟩, |खाली,खाली⟩ या चार केटचे सहगुणक अनुक्रमे च, छ, ज, झ म्हणा (हा झ दिशेचा नव्हे). च·झ − छ·ज काढा. शून्य आले तर अवस्था दोन वेगळ्या केटचा गुणाकार आहे. शून्य नसेल तर ती एन्टँगल्ड. चार सहगुणक २×२ मॅट्रिक्समध्ये मांडले की हे तिचे डिटर्मिनंट होते, आणि गुणाकार अवस्थेत दोन रो एकमेकींच्या पटीत असतात, म्हणून ते शून्य.

चारही सहगुणक १/२ : १/४ − १/४ = ०, एन्टँगल्ड नाही. आता फक्त शेवटचा −१/२ करा : −१/४ − १/४ = −१/२, एन्टँगल्ड. चारही निष्पत्तींची संभाव्यता दोन्ही अवस्थांत २५ टक्केच आहे, तेव्हा झ दिशेने मोजलेल्या संभाव्यतांवरून हा निर्णय करता येत नाही. सिंग्लेटमध्ये (एकूण स्पिन शून्य असलेल्या अवस्थेत) च = झ = ०, छ = १/√२, ज = −१/√२, डिटर्मिनंट १/२. नॉर्मलाइज केलेल्या अवस्थेत डिटर्मिनंटचे परिमाण १/२ च्या वर जात नाही, त्यामुळे तुमचे उत्तर त्याहून मोठे आले तर आधी नॉर्मलायझेशन तपासा.

अशा अवस्थेचा ब्रा करताना कणांचा क्रम तोच ठेवा : |वर,खाली⟩ चा ब्रा ⟨वर,खाली|. काही पुस्तके क्रम उलटवतात. ते चूक नाही, पण एका उत्तरात दोन्ही पद्धती मिसळल्या की पहिल्या कणाचा ब्रा दुसऱ्याच्या केटला लागतो. ही कसोटी दोन द्विपातळी कणांच्या शुद्ध अवस्थेपुरतीच आहे. तिसरा स्पिन आला की केट आठ होतात आणि एक डिटर्मिनंट पुरत नाही. तिथे एक कण एका बाजूला, उरलेले दोन दुसऱ्या बाजूला अशी २×४ मॅट्रिक्स मांडून तिची रँक, म्हणजे एकमेकींपासून स्वतंत्र रोंची संख्या, पाहावी लागते. रँक १ आली तर तो कण बाकीच्या दोघांपासून सुटा आहे. हे तिन्ही कणांसाठी वेगवेगळे करावे लागते.