छकुलीचा पहिला स्विमिंग क्लास आणि आईची तयारी

“बाळाला स्विमिंगला घालतोय. पहिल्याच दिवशी पाण्याला घाबरलं आणि ती भीती कायमची बसली तर?” हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वरचेवर येतो. पुण्यात बाणेर, बालेवाडी, खराडीकडच्या सोसायट्यांमध्ये पोहण्याचे तलाव झाले, अगदी तान्ह्या बाळांसाठी आईबाबांना बरोबर घेऊन चालणारे क्लास निघाले, आणि त्यांच्यामागोमाग ही काळजीही आली. एका आईची हकीकत सांगितली तर उत्तर जास्त नीट देता येईल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत; मुलीला छकुली म्हणू.

छकुली दहा महिन्यांची होती आणि पहिला क्लास आठवड्यावर आला होता. आईने मोबाइलवर यादीच दाखवली. स्विम डायपर, टोपी, टोपीवाला टॉवेल, गळ्यात अडकवायची हवेची रिंग, सगळं मागवून झालं होतं. मी विचारलं, “आणि तिला घेऊन पाण्यात कोण उतरणार?”

“मीच. क्लासला आईच असते ना, मॅडम.” थोडं थांबून ती म्हणाली, “मला पोहता येत नाही. तलावाच्या काठाशी नुसती उभी राहिले तरी पोटात गोळा येतो.”

हे बोलताना छकुली तिच्या मांडीवर होती. आईच्या उजव्या हाताने तिचा फ्रॉक पाठीमागून मुठीत घट्ट धरला होता, कापड ताणलं जाईल इतका. छकुलीने हातातला खुळखुळा सोडला, मान वळवली आणि आईच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. खोलीत पाण्याचा थेंबही नव्हता. त्या बाईंची खरी अडचण मला तिथेच कळली.

भीतीचं मूळ शोधायला फार खोदावं लागलं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये घुसलं. हिची आई, म्हणजे छकुलीची आजी, तेव्हा सहा वर्षांची होती. घर नारायण पेठेतल्या वाड्यात. जीव वाचले, संसार गेला. पुढे त्यांना मुलगी झाली. तिच्या मैत्रिणी मे महिन्याच्या सुट्टीत टिळक टँकवर पोहायला जायच्या, पण हिला कधी परवानगी मिळाली नाही. रागावणं नाही की समजावणं नाही. विषय निघाला की आजी उठून स्वयंपाकघरात जायच्या. त्या घरात कुणी “पाण्याला भी” असं शिकवलं नव्हतं, तरी मुलगी ते शिकलीच.

छकुलीच्या बाबांचं लहानपण भोरकडचं. पाठीला डबा बांधून विहिरीत उतरलेला माणूस. त्यांचं मत एका वाक्यात: “पाण्यात पडलं की हातपाय मारता येतात.” घरात वाद व्हायचा तो या दोन टोकांचा.

मी दोघांनाही सांगितलं, आणि अशा प्रत्येक आईबाबांना सांगते, की वर्षाच्या आतल्या बाळाच्या पहिल्या क्लासची तयारी ही मुख्यतः त्याला कडेवर घेऊन उतरणाऱ्या माणसाची तयारी असते. या वयाचं मूल अनोळखी गोष्ट समोर आली की आधी आपल्या माणसाकडे बघतं, आणि मग ठरवतं. अमेरिकेत १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी आयांना नेहमी सांगते. वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं. अर्ध्या भागात काचेखाली खोलगट दिसायचं, म्हणजे पुढे जावं की नाही असा संभ्रम पडावा. पलीकडे आई. ज्या बाळांच्या आयांनी आनंदी चेहरा केला, त्या १९ पैकी १४ बाळं रांगत पलीकडे गेली. ज्यांच्या आयांनी घाबरलेला चेहरा केला, त्या १७ बाळांपैकी एकही गेलं नाही.

“म्हणजे मी हसत राहायचं?” तिने विचारलं. बहुतेक सगळ्या हेच विचारतात.

नाही. तलावात बाळ अंगाला चिकटलेलं असतं. तोंडावर हसू आणि बोटं बरगड्यांत रुतलेली, श्वास अडकलेला, हे त्याला लगेच कळतं. भीती लपवायचा सराव करण्यापेक्षा ती थोडी कमी करणं सोपं आहे, आणि ती कमी होईपर्यंत दुसऱ्याने उतरणं त्याहून सोपं. क्लासला आईच उतरली पाहिजे असा काही कायदा नाही.

मग बाबांकडे वळले. विहिरीचा न्याय दहा महिन्यांच्या बाळाला लावता येत नाही. अगदी लहान बाळ पाण्याखाली गेलं की काही क्षण श्वास रोखतं, ते पाहून लोकांना वाटतं त्याला उपजतच पोहता येतं. पण ती शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे, पाणी गिळणं तिने थांबत नाही. एवढ्याशा देहात पाणी जास्त गेलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. म्हणून बुडी द्यायची नाही. क्लासवाल्यांनी आग्रह केला तरी नाही, आणि तसा आग्रह धरणारा क्लास सोडलेला बरा. गळ्यातली रिंगही परत पाठवायला सांगितली. अशा रिंगांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये इशारा दिला आहे. बाळाला रिंग नको, माणसाचा हात हवा.

दोघांनाही मोकळं करणारी एक गोष्ट मात्र वेगळीच होती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं असं, की पोहण्याच्या शिकवणीमुळे बुडण्याचा धोका कमी होऊ शकतो तो एक वर्षानंतर. त्याआधीच्या क्लासमुळे तो कमी होतो असा पुरावा नाही. म्हणजे आत्ताचा क्लास हा पाण्याशी आणि एकमेकांशी खेळण्याचा तास. महिनाभर उशीर झाला तर काहीच बिघडत नाही. आईचे खांदे खाली आलेले मला दिसले. क्लास त्यांनी पुढे ढकलला.

त्या वेळात आई एकटीच तलावावर गेली, बायकांच्या बॅचला. पोहायला शिकायचं नव्हतं, फक्त छातीभर पाण्यात निवांत उभं राहता आलं पाहिजे एवढंच ठरलं होतं. पहिल्यांदा तर ती पायऱ्यांवरूनच परत आली. कारण विचारलं तेव्हा भीतीच्या खालून आणखी एक गोष्ट निघाली: “सिझेरियननंतरचं पोट घेऊन कॉस्च्यूम घालायचा? सोसायटीतल्या सगळ्यांसमोर?” ही लाज कितीतरी जणी मनात घेऊन येतात आणि बोलताना मात्र बाळाचं नाव पुढे करतात. मी त्याला क्षुल्लक मानत नाही. कोपरापर्यंत बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा कॉस्च्यूम मिळतो, तो तिने घेतला. सकाळची गर्दी नसलेली वेळ निवडली. काठ धरून, मग काठ सोडून, श्वास लांब सोडत उभं राहायचं. हळूहळू जमलं.

छकुलीची तयारी घरातच झाली, आणि ती केली आजींनी. ज्यांना पाण्याचं नाव नको, त्याच आजी रोज तिला आंघोळ घालत होत्या. पाटावर बसून, पाय लांब करून, त्यावर छकुलीला निजवून. डोक्यावरून पाणी घालण्याआधी त्या डावा तळवा तिच्या कपाळावर आडवा धरायच्या, छपरासारखा, आणि “आलं आलं, पाणी आलं” म्हणत तांब्या हळूच कलता करायच्या. पाणी तळव्यावरून बाजूला ओघळायचं, डोळ्यांत जायचं नाही. तलावावर बाळाला पाण्याची चाहूल द्यायला शिकवतात ती हीच रीत. मी फक्त सुचवलं की तेच शब्द, त्याच सुरात, आईबाबांनीही वापरायचे, आणि अधूनमधून तळवा थोडा मागे घ्यायचा म्हणजे चार थेंब तोंडावर येतील. टबात बसवून कप, गाळणी घेऊन खेळणंही चालू केलं.

बाकीची चौकशी बाबांनी केली. पाणी कोमट, साधारण ३२ अंश आहे ना, कारण एवढी बाळं पटकन गारठतात. पुण्यातल्या बऱ्याच उघड्या तलावांवर हिवाळ्यात हे जमत नाही. पोटभर दूध किंवा खाणं झाल्या झाल्या नाही, आणि झोपेच्या वेळेलाही नाही. जुलाब होत असतील तर अजिबात नाही, कारण स्विम डायपर शी जेमतेम अडवतो, जंतू अडवत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, कान किंवा त्वचेचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. क्लासच्या आधी एकदा नुसतं तलावावर जाऊन यावं. तिथला घुमणारा आवाज, शिट्टी, क्लोरीनचा वास हे सगळं पाण्याइतकंच नवीन असतं.

पहिल्या दिवशी बाबा उतरले. आई काठावर पाय पाण्यात सोडून बसली, छकुलीला दिसेल अशी. छकुली रडली. बाबांचा कान धरून, चांगली ठणठणीत रडली. पण रडता रडता आईकडे बघत होती, अंग सैल होतं, “आलं आलं” म्हटल्यावर थांबून ऐकत होती. असं रडणं म्हणजे नव्या गोष्टीची तक्रार. तिला जवळ घ्यायचं, बोलायचं, थोडं थांबायचं. अंग ताठ झालं, बाळ मागे कमान करू लागलं, श्वास अडकू लागला, थरथर सुटली किंवा ओठ निळसर दिसले तर त्याच क्षणी बाहेर काढायचं. “रडत असताना काढलं तर सवय लागेल” या सल्ल्याकडे माझ्या मते साफ दुर्लक्ष करावं. दहा महिन्यांच्या बाळाला बाहेर काढल्याने कसलीही वाईट सवय लागत नाही. हाक मारली की आपलं माणूस ऐकतं, एवढं त्याला समजतं. छकुली पंधरा मिनिटांत बाहेर आली आणि तेवढं पुरे होतं.

तिसऱ्या क्लासला आई उतरली. चौथ्याला छकुलीने पाण्यावर थापटी मारून आईचा चष्मा भिजवला, हे मला तिने फोन करून सांगितलं.

त्याच फोनवर मी तिला घरातल्या बादल्यांची आठवण केली. गुरुवारी पाणी बंद म्हणून भरून ठेवलेली बादली नुकत्या उभ्या राहू लागलेल्या बाळाला तलावापेक्षा जास्त धोक्याची असते, कारण तलावाशी सगळे सावध असतात. बाथरूमचं दार बाहेरून बंद, बादलीवर झाकण, आणि पाण्यापाशी बाळ कायम हाताच्या अंतरावर, क्लास चालू असो वा नसो. ती म्हणाली, झाकणं आजींनी आधीच आणून ठेवलीत. आजी तलावावर अजून आलेल्या नाहीत, आणि त्यांना तिथे न्यायची घाई घरात कुणी करत नाही.