महाबळेश्वरला पावसात रस्त्यावर वीतभर काळा चकचकीत साप दिसला, शेपटी कुणीतरी कापल्यासारखी, हा मांडूळ आहे का आणि विषारी असतो का?

मांडूळ नाही हो, तुम्ही जे सांगताय त्यावरून हा खापरखवल्या वाटतोय. आणि शेपटी कुणी कापलेली नाही, ती असतेच तशी. बिनविषारी आहे, गांडुळं खाऊन जगतो.

मामाचं घर तिकडेच आहे त्यामुळे लहानपणापासून बघतोय. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी पण शेपटीलाच डोकं समजलो होतो, कारण डोकं निमुळतं, टोकदार आणि डोळे म्हणजे टाचणीचा टिंब, आणि दुसरीकडे शेपटी जाड, बोथट, त्यावर खरखरीत ढालीसारखी चकती आणि तिला चिखल चिकटलेला. बाकी अंग इतकं गुळगुळीत की टॉर्च मारला की काळ्यावर निळी-जांभळी झाक चमकते, पण चिखल मात्र नेमका शेपटीवरच. तोच त्याचा दरवाजा आहे असं समजा, डोक्याने माती ढकलत पुढे जायचं आणि मागचं बीळ शेपटीच्या त्या मातीच्या गोळ्याने बंद. बिळात पुढे सरकताना तर कातडीच्या आतल्या आत पाठीचा कणा वाकवतो, त्याने अंग फुगून बिळाच्या भिंतीला घट्ट बसतं आणि मग डोकं पुढे दाबतो. भारी इंजिनिअरिंग आहे राव!

अंडी पण घालत नाही, थेट पिल्लंच देतो. या कुटुंबातले साप फक्त दक्षिण भारत, आपला सह्याद्री आणि श्रीलंका इथेच सापडतात, जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. सह्याद्रीतल्या एका खापरखवल्याला फिप्सनचं नाव आहे, हे साहेब मुंबईत वाईनचा धंदा करायचे आणि १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी काढणाऱ्यांपैकी एक होते.

एरवी वर्षभर मातीत, पालापाचोळ्याखाली असतो म्हणून दिसत नाही, पावसाळ्यात वर येतो आणि नेमका गाडीखाली जातो. लोक पण दुतोंड्या म्हणून मारतात, नाहीतर मांडूळ समजून बाटलीत भरतात, पैसे मिळतील म्हणून (मांडूळ विकणं हाच मुळात गुन्हा आहे, तो भाग वेगळा).

परत दिसला तर हाताने उचलू नका, खात्री नसेल तर कुठलाच साप उचलू नये, त्या जंगलात विषारी पण आहेत. लांब काठीने हळूच कडेच्या ओल्या पाल्यात सरकवा, दोन मिनिटांत मातीत गेलेला असेल. फोटो असेल तर टाका, शेपटीचा जवळून असेल तर फारच छान.