गुडघ्यामुळे २७ किलोमीटरला मॅरेथॉन सोडली. ही हार मानणं झालं का? आणि पुन्हा कधी पळायला लागू?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: पहिलीच फुल मॅरेथॉन, इथेच नाशिकला. एकोणीस किलोमीटरपासून डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागली, उतार आला की जास्त. २७ ला अँब्युलन्समध्ये बसलात. ग्रुपमधले बाकी सगळे पोहोचले आणि एकाने ऐकवलं, "चालत तरी पूर्ण करायची होतीस." मेडल घेतलं नाही. पुढच्या महिन्यातल्या हाफ मॅरेथॉनचे पैसे भरून झालेत.

हार मानलीत असं मला वाटत नाही, आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. तुमच्याच प्रश्नात एक वाक्य आहे, "शेवटी शेवटी गुडघा न वाकवता पाय टाकत होतो." माझ्या मते प्रश्न तिथेच संपतो.

तीस किलोमीटरनंतर काहीच दुखत नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मांड्या भरून येतात, बोटांना फोड येतात, नख काळं पडतं, पोटरीत गोळा येतो. हे सगळं सोसत पुढे जाता येतं. थांबा, पाय ताणा, मीठ-साखरेचं पाणी प्या, शिव्या घाला आणि निघा. पण दुखणं चुकवण्यासाठी चाल बदलली की मामला वेगळा होतो. तुमचे पंधरा किलोमीटर बाकी होते, म्हणजे पंधरा हजारांहून जास्त पावलं. तेवढी लंगडत टाकली असती तर डावा गुडघा राहिला बाजूला, उजवी पोटरी आणि कंबर घेऊन बसला असतात.

काही दुखण्यांत तर चाल बदलेपर्यंतही वाट बघू नये. नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा प्रत्येक पावलाला ठणकत असेल, किंवा जांघेत खोल दुखून पायावर भार घेववत नसेल, तर हाडाला चीर पडायला लागलेली असू शकते. जांघेतलं दुखणं खुब्याच्या हाडाचं निघालं तर प्रकरण ऑपरेशनपर्यंत जातं. आणि अशी चीर सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआय लागतो. "एक्स-रे क्लिअर आहे" म्हणून परत पळायला लागलेले लोक मला माहीत आहेत. छातीत दुखणं, चक्कर, असंबद्ध बोलणं यात तर विचार करायची गरजच नाही, तिथल्या तिथे थांबायचं.

माझीही एक फुल अशीच अर्धवट राहिली आहे. धोंडेगावकडून परत येताना, गिरणारे जवळ आलं असताना, पोटरीवर मागून कोणीतरी दगड मारावा तसं झालं. मी खरंच मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं, बाजूला टोमॅटोचे कॅरेट लादलेला एक टेम्पो उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. पोटरीचा स्नायू फाटला होता. पुढचं पाऊल टाकताच येईना, त्यामुळे सोडायचं की नाही हा प्रश्नच आला नाही, पायाने परस्पर निकाल देऊन टाकला. तुमचं उलट होतं. तुमचा पाय अजून चालत होता, रेटता आलं असतं, आणि तरी तुम्ही थांबलात. हे माझ्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. "चालत तरी" म्हणणाऱ्या मित्राला एवढं विचारा, की त्याला स्वतःला कधी ही निवड करावी लागली आहे का.

त्या दिवसातलं मला आठवतं ते दुखण्यापेक्षा थंडीच जास्त. जानेवारीतली नाशिकची सकाळ, अंगावर घामाने ओलाचिंब टीशर्ट. पळणं थांबल्यावर पाच मिनिटांत दात वाजायला लागले. पाण्याच्या टेबलावर एक कॉलेजची मुलगी व्हॉलंटिअर होती. तिने गाडी चालवताना तोंडाला बांधतो तो स्कार्फ सोडून माझ्या खांद्यावर टाकला आणि "ताई, आधी बसा" म्हणत पाण्याचे दोन बॉक्स एकमेकांवर ठेवले. मागून येणाऱ्या गाडीत एक साठीच्या पुढचे काका आधीच बसलेले होते, पायात गोळे आलेले. मला बघून म्हणाले, "या, आमची पण मॅरेथॉन इथपर्यंतच." आणि चिक्की पुढे केली. (पुढच्या वेळी कोणाचं काही बिनसलं तर लक्षात ठेवा, परस्पर रिक्षा करून घरी जाऊ नका. व्हॉलंटिअरला छातीवर लावलेला बिब नंबर सांगून मगच रस्ता सोडा, नाहीतर आयोजक तुम्हाला शोधत बसतात.)

स्प्रे आणि गोळ्यांबद्दलही लिहिते, कारण "स्प्रे मारून पळालो असतो तर?" असं तुम्ही विचारलंय. स्प्रेने जागा थोडा वेळ गार आणि बधिर होते, बाकी काही होत नाही. दुखणं कळेनासं झालेला गुडघा घेऊन पळणं मला तरी जास्त धोक्याचं वाटतं. आणि शर्यतीत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेऊच नयेत. अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, त्यात या गोळ्यांची भर नको.

मोठ्या खेळाडूंची उदाहरणं हवी असतील तर आहेत. एलिउड किपचोगे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाठ दुखायला लागल्यावर तीस किलोमीटरनंतर थांबला. त्याआधीच्या लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचं सुवर्ण त्याचंच होतं. पॉला रॅडक्लिफ २००४ ला अथेन्समध्ये ३६ किलोमीटरच्या आसपास रस्त्याच्या कडेला बसून रडली, तेव्हा जागतिक विक्रम तिच्या नावावर होता. तिच्याच देशातल्या वर्तमानपत्रांनी तिला झोडपलं. त्याच नोव्हेंबरमध्ये ती न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. पण ही उदाहरणं फार ताणू नयेत. त्यांचं पोट पायांवर आहे, त्यांना पुढची शर्यत वाचवायची असते. आपल्याला सोमवारी सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये आठ तास उभं राहायचं असतं आणि पगारी रजा मोजक्या असतात. मला विचाराल तर थांबायचं कारण आपल्याकडे त्यांच्यापेक्षा मोठं आहे.

लोकांना काय सांगायचं? "गुडघा धरला, २७ ला थांबलो." बस. नाशिकमध्ये सोसायटीतल्या काकांचा पहिला प्रश्न "कितवा आलास?" हाच असणार. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ मिळवल्यापासून इथे पळणारा प्रत्येक माणूस पदकासाठीच पळतो अशी समजूत आहे. त्यांना डीएनएफ, म्हणजे शर्यत अर्धवट सोडणं, समजावत बसू नका. माझ्या सासूबाईंनी तर "अर्ध्यात सोडलीस ते बरं केलंस, पूर्ण केली असतीस तर पुढच्या वर्षी परत गेली असतीस" असं म्हणून विषय संपवला. (मी परत गेले. त्यांनी पहाटे उठून चहा करून दिला.)

मेडल घेतलं नाहीत ते योग्यच केलंत. गर्दीत मागितलं असतं तर मिळालंही असतं, पण घरात ते दिसेल तिथे डोळ्यांत खुपलं असतं. आधी मिळालेला टीशर्ट मात्र बिनधास्त घाला, त्याचे पैसे भरलेत. आणि धावण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपवर ती रन आहे तशी ठेवा, नाव बदलून "ट्रेनिंग रन" करू नका.

आता गुडघ्याकडे. मी डॉक्टर नाही, पण बाहेरच्या बाजूला दुखणं, ठरावीक अंतरानंतर सुरू होणं आणि उतारावर वाढणं हे वाचून मला आयटी बँडचा संशय येतो. खुब्यापासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याच्या खाली जाणारा जाड पट्टा असतो तो. गुडघा थोडासा वाकलेला असताना, साधारण तीस अंशांत, तो तिथल्या हाडावर दाबला जातो, आणि पळताना प्रत्येक पावलाला गुडघा त्या कोनातून जातो. ऑर्थो किंवा चांगल्या फिजिओकडून एकदा बघून घ्याच, कारण मेनिस्कसचं, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीचं, दुखणंही कधी कधी तिथेच येतं. गुडघा सुजला असेल, अडकत असेल किंवा मध्येच दगा देत असेल तर दाखवायला उशीर करू नका.

आयटी बँडच निघाला तर काळजीचं फार नाही, पण चिकाटीचं काम आहे. ग्रुपमधून फोम रोलरचे व्हिडिओ येतील. रोलरवर लोळून बरं वाटत असेल तर लोळा, पण तो पट्टा इतका ताठ असतो की त्याने लांबबिंब होत नाही. खरं काम कुल्ह्याच्या स्नायूंचं. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, साइड प्लँक (कुशीवर कोपराच्या आधाराने अंग उचलून धरणं), आणि पुढे एका पायावर हळू पायरी उतरणं. कंटाळवाणं आहे, म्हणूनच लोक दोन आठवड्यांत सोडतात. शिवाय तुम्ही गंगापूर रोडला रोज कोणत्या बाजूने पळता तेही बघा. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, रोज एकाच कडेने पळालं की एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर रोज एकाच दिशेने फेऱ्या मारणाऱ्यांचंही साधारण तेच होतं, वळणावरचा ताण नेहमी त्याच पायावर.

तोवर दम टिकवायला सगळे सायकल सुचवतील. इथल्या महाजन बंधूंनी २०१५ ला रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केल्यापासून नाशिकमध्ये कुठल्याही दुखण्यावर सायकल हाच उतारा असतो. पण सायकल चालवतानाही गुडघा त्याच कोनातून जातो, आयटी बँडला ती सोसेलच असं नाही. त्रास झाला तर लगेच थांबवा. त्यापेक्षा त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर पोहायला जा. ब्रेस्टस्ट्रोक सध्या नको, त्यात गुडघ्याला पीळ बसतो.

पळायला कधी लागायचं याची तारीख मी देणार नाही. भरभर अर्धा तास चालून दुसऱ्या दिवशीही काही दुखलं नाही, की पांडवलेणीला जा. वर चढणं सोपं असतं, खरी परीक्षा उतरताना. पायऱ्या उतरताना गुडघ्याने हूं की चूं केलं नाही तर सपाट रस्त्यावर एक दिवसाआड, दोन मिनिटं पळणं आणि दोन मिनिटं चालणं, अशी सुरुवात करा. दुखलं तर त्या दिवशी तिथेच थांबायचं आणि पुढच्या वेळी थोडं कमी करायचं. हाफच्या आधी एवढं सगळं बसत नाही, त्यामुळे पुढच्या महिन्यातली हाफ सोडा.

पैसे जातील, कदाचित. आयोजकांना मेल करून पुढच्या वर्षीची एंट्री किंवा नावबदल मिळतो का विचारा, काही ठिकाणी देतात. नाही म्हणाले तर बिब घरीच राहू द्या. "वाया कशाला घालवतोस, मला दे" म्हणणारा मित्र भेटेलच, त्याला देऊ नका. त्याला रस्त्यात काही झालं तर डॉक्टर बिब उलटून बघणार आणि तिथे रक्तगट आणि घरचा फोन नंबर तुमचा असणार.