सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी सातारा गर्दी टाळून कसं बघावं?

कासचं फुलांचं पठार आणि ठोसेघरचा धबधबा एकाच दिवशी घेऊ नका. दोन्हींचे रस्ते साताऱ्यातून वेगवेगळ्या दिशांना फुटतात, आणि दहानंतर कासच्या वाटेवरच्या यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागली की दिवस तिथेच जातो.

शनिवार शहराला द्या. सूर्योदयालाच अजिंक्यतारा किल्ला गाठा. गाडी दरवाज्याजवळ जाते, पण पायी चढलात तर जास्त मजा. संभाजीपुत्र शाहू महाराजांनी १७०८ मध्ये इथूनच कारभार सुरू केला. दरवाज्यातून आत शिरल्याबरोबर परत फिरू नका, तटावरून पूर्ण फेरी मारा. सारं शहर पायाशी दिसतं. दुपारनंतर संगम माहुलीला जा. कृष्णा-वेण्णेच्या काठावरचं विश्वेश्वराचं मंदिर सुरेख आहे, आणि पर्यटक तिकडे फारसे वळतच नाहीत. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपला घट्ट हव्यात.

रविवारी कास, पण आगाऊ ऑनलाइन नोंदणी करून, सकाळच्या पहिल्या वेळेत. धुकं असेल तर थोडं थांबा, ऊन आल्यावर फुलं खुलून दिसतात. फोटोसाठी फुलांत शिरू नका. पायाखाली गेलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही.

कंदी पेढे निघतानाच घ्या.