चिंता देवावर टाकली, मग काम कोणाचे?

‘मी स्वतः हातपाय हलवले, तर देवावरचा माझा विश्वास कमी पडला असे होईल का?’ समुपदेशनासाठी येणाऱ्या श्रद्धावान ख्रिस्ती कुटुंबांतून हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. बहुतेकदा तो प्रामाणिक असतो. कधीकधी मात्र त्याच्याआड भीती दडलेली असते आणि विचारणाऱ्यालाही तिचा पत्ता नसतो. अशाच एका गृहस्थांचा हा अनुभव त्यांच्या संमतीने आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलून सांगत आहे.

पन्नाशीकडे झुकलेले हे गृहस्थ मंडळीतील, म्हणजे त्यांच्या चर्चमधील, प्रार्थनासभा चालवीत. धंदा बसल्यामुळे घरावर काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले होते आणि ही गोष्ट त्यांनी पत्नीपासूनही लपवली होती. रोज पहाटे ते बराच वेळ गुडघ्यांवर असत. माझ्याकडे आले ते मात्र झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता एक वचन दाखवण्यासाठी त्यांनी पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) कव्हराची चेन उघडली, तेव्हा मागच्या खणात बँकेची काही पाकिटे दिसली. त्यांतले एकही फोडलेले नव्हते. मी त्याबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, “हे ओझे मी प्रभूच्या चरणी ठेवले आहे. आता ते पुन्हा उचलायचे म्हणजे अविश्वासच झाला.”

त्यांना दाखवायचे होते ते वचन पेत्राच्या पहिल्या पत्रातले, आपली सगळी चिंता देवावर टाकण्यास सांगणारे (5:7). मी त्यांना पुढचे वचन वाचायला सांगितले. त्यात सावध असण्याची आणि जागे राहण्याची आज्ञा आहे. टाकायची आहे ती चिंता. समोर आलेले काम टाकून द्यावे असे तेथे कोठेही म्हटलेले नाही.

जुन्या करारातील नहेम्याची, म्हणजे पारसाच्या राजाच्या दरबारी सेवा करणाऱ्या यहुद्याची, कथा त्यांनी सभेत अनेकदा शिकवली होती, म्हणून ती त्यांनाच सांगू दिली. यरुशलेमेचा कोट पडला आहे हे कळल्यावर नहेम्या रडला, त्याने उपास केला आणि यहुदी पंचांगातील किसलेव महिन्यापासून नीसान महिन्यापर्यंत, म्हणजे सुमारे 4 महिने, प्रार्थनेत घालवले. राजाने ‘तुझी काय विनंती आहे?’ असे विचारताच त्याने आधी देवाला प्रार्थना केली आणि मग एकेक गोष्ट मागितली: जाऊन येण्यासाठी ठरावीक मुदत, नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे, आणि राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्याकडून लाकूड. इतका नेमका हिशेब तोंडातून सहज निघत नाही. त्या महिन्यांत त्याने देवासमोर बसून याही गोष्टींचा विचार केला असावा, असे मला वाटते. पुढे शत्रूंनी धमक्या दिल्या, तेव्हा लोकांनी प्रार्थना केली आणि पहाराही बसवला. कोट 52 दिवसांत पूर्ण झाला, आणि हे काम देवाकडून झाले हे शेजारच्या राष्ट्रांनीही ओळखले. माणसे राबली म्हणून देवाचे श्रेय उणे झाले नाही.

(याउलट, सगळे स्वतः ठरवून झाल्यावर केवळ शिक्का मारून घेण्यासाठी प्रार्थना करणारेही पुष्कळ भेटतात. पण तो निराळा आजार आहे.)

या गृहस्थांच्या प्रार्थनेत सुटकेची याचना होती. ते पाकीट फोडण्याचे बळ मात्र त्यांनी कधी मागितलेच नव्हते. ते त्यांनी माझ्यासमोर मागितले, अगदी दोन वाक्यांत, आणि पाकिटे फोडली. थकबाकी त्यांना वाटत होती तेवढीच होती. शेवटच्या पत्रात मात्र परतफेडीविषयी बोलण्यासाठी शाखेत येण्याची सूचना होती आणि तिची मुदत अजून उलटलेली नव्हती.

पत्नीला सांगणे त्याहून अवघड गेले. प्रार्थनासभा चालवणाऱ्या माणसाला आपली अडचण उघडी करण्याची फार लाज वाटते, हे मी इतरत्रही पाहिले आहे. पुढच्या भेटीस त्या सोबत आल्या. कर्जाबद्दल त्या फारसे बोलल्या नाहीत. “रोज माझ्या शेजारी गुडघे टेकून तुम्ही हे देवाला सांगत होता,” त्या म्हणाल्या, “मला मात्र नाही.” यावर त्यांच्यापाशी उत्तर नव्हते, बऱ्याच वेळाने त्यांनी क्षमा मागितली. ती लगेच मिळाली नाही, आणि मीही घाई केली नाही, कारण देवाकडे पापक्षमा मागितली की माणसांशी समेट आपोआप होतो, ही समजूत येशूच्या शिकवणीत बसत नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण वेदीजवळच ठेवून आधी समेट करायला जा, असे त्याने सांगितले आहे.

झोपेच्या तक्रारीसाठी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. तेही त्यांना आधी अविश्वासाचे वाटले होते. बँकेने हप्ते लहान करून मुदत वाढवून दिली आहे. त्यांनी नोकरी धरली आहे. घर राहील की विकावे लागेल, हे अजून ठरलेले नाही. पहाटेची प्रार्थना आता दोघे मिळून करतात. ती पूर्वीपेक्षा आखूड असते, कारण त्यानंतर दोघांनाही कामावर निघायचे असते.