केमो चालू असताना आईला अमेरिकेला न्यायचं आहे : मेडिक्लेमचं काय होतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. तुमची आई मुलुंडला राहते, वय ६६. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन परळला झालं, केमोची दोन सायकल बाकी आहेत आणि त्यानंतर ट्रास्टुझुमॅबचं (केमो नव्हे, कॅन्सरच्या पेशींना नेमकं लक्ष्य करणारं औषध) इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी वर्षभर चालणार आहे. बहीण न्यू जर्सीला असते, तिचं बाळंतपण जवळ आलंय आणि आईला दोन महिने तिच्याकडे जायचंय. मेडिक्लेम बंद पडेल का, तिकडचा खर्च मिळेल का, परत आल्यावर कंपनी अडवेल का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं मुंबईत एका टीपीएमध्ये (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) क्लेमच्या फायली तपासल्या, त्यात कॅन्सरच्या पुष्कळ होत्या. म्हणून सविस्तर लिहिते.

पॉलिसी बंद पडत नाही. तिकडचा खर्च जवळजवळ नक्कीच मिळणार नाही. परत आल्यावर प्रश्न विचारले जातील, पण कागद नीट असतील तर क्लेम अडत नाही. म्हणजे काळजी करायची ती दुसऱ्या उत्तराची, आणि लोक नेमकी पहिल्या आणि तिसऱ्याची करत बसतात.

आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेममध्ये उपचार भारतातच घेतले पाहिजेत अशी भौगोलिक मर्यादा असते. २०२० मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी आणलेली आरोग्य संजीवनी पाहा, परदेशातले उपचार तिच्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत सरळ लिहिलेले आहेत. आई तिकडे असताना पॉलिसी चालू राहते, वेटिंग पिरियडचे (ठरावीक आजारांना कव्हर सुरू होण्याआधी थांबावं लागतं त्या काळाचे) महिने मोजले जातात, क्लेम न केल्याबद्दलचा बोनसही शाबूत राहतो. पण न्यू जर्सीतल्या बिलावर एक रुपया मिळत नाही. डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च (बऱ्याच पॉलिसींत ६० दिवस) आपल्याला मिळतो ना, त्यातही तिकडे केलेली रक्ततपासणी बसत नाही, मग ती परळच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली का असेना.

काही महागड्या पॉलिसींत ग्लोबल कव्हर, म्हणजे परदेशातल्या उपचारांचाही खर्च देण्याची सोय असते. तुमच्या आईच्या पॉलिसीत ते आधीपासून असेल तर त्याच्या अटी ओळ न ओळ वाचा. अमेरिका वगळली आहे का, सलग किती दिवसांच्या प्रवासाला चालतं, तिकडे उपचार घेण्याआधी परवानगी लागते का, एवढं तरी पाहाच. नसेल तर आता निदान झाल्यावर ते वाढवून मिळेल ही आशा धरू नका.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे लिहायला बसले तो. घरचे असा हिशोब करतात की दोन केमोंच्या मध्ये तीन आठवडे मोकळे असतात, तेवढ्यात जाऊन येऊ. ते आठवडे मोकळे नसतात हो. केमो दिल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर माणूस जरा उठून बसायला लागतो, चव परत येते, सगळ्यांना वाटतं आता बरं आहे, आणि आत मात्र जंतूंशी लढायला पेशीच नसतात. या दिवसांत १००.४ फॅरनहाइट ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नसते. लगेच हॉस्पिटल गाठून शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावं लागतं.

हे मुंबईत घडलं तर तुम्ही रात्री दोनला गाडी काढून परळ गाठता. त्यांची फाइल तिथे आहे, टीपीए डेस्कला आजार माहीत आहे आणि विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीला कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यावा लागतो. न्यू जर्सीत घडलं तर? अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे की इमर्जन्सीत आलेल्या रुग्णाला पैशाचं न विचारता तपासून स्थिर करावंच लागतं. म्हणजे उपचार मिळतील, त्याची भीती नको. बिल मात्र नंतर येतंच. पोट पुढे आलेलं, दिवस भरत आलेले, अशा अवस्थेत तुमची बहीण ते बिल आणि ती धावपळ सांभाळणार का, हा विचार आधी करा. लेकीच्या बाळंतपणाला आई हवी हे मला पूर्ण कळतं. पण केमोच्या मधल्या गॅपमध्ये हा प्रवास करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डिंकाचे लाडू, बाळाची अंघोळ यासाठी या वेळी मावशी किंवा तिच्या सासूबाई जाऊ शकतील का ते बघा.

मग तुम्ही म्हणाल, ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे की. घ्याच, पण त्याकडून काय मिळतं ते समजून घ्या. इथून निघताना घेतलेल्या पॉलिसीत आधीपासूनचा आजार एक तर वगळलेला असतो, नाही तर जीव वाचवण्यापुरत्या इमर्जन्सीला आणि तेही मर्यादित रकमेपर्यंत पैसे मिळतात. केमोनंतरचा ताप ही कॅन्सरच्या उपचारांतूनच आलेली गुंतागुंत धरली जाते. अमेरिकेत पाहुण्यांसाठी मिळणाऱ्या प्लॅनमध्ये जुना आजार अचानक उफाळला तर खर्च देऊ असं मोठ्या अक्षरांत असतं, पण ज्या आजारावर उपचार चालूच आहेत तो त्या व्याख्येत सहसा बसत नाही. बहिणीच्या नोकरीतल्या विम्यात आईला घालता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. तिकडच्या कंपन्यांच्या विम्यात नवरा-बायको आणि मुलं असतात, आईवडील सहसा नसतात. तिकीट काढताना खूण करून मिळणारा विमा आणि क्रेडिट कार्डावरचा विमा यांवर तर या बाबतीत विसंबूच नका.

तरीही घ्या म्हणते, कारण बाथरूममध्ये पाय घसरून मनगट मोडलं किंवा बॅग हरवली तर त्याचा कॅन्सरशी संबंध नसतो आणि तिथे पॉलिसी कामाला येते. अट एकच, फॉर्मवर आजार खरा लिहायचा. ‘कॅन्सर लिहिलं तर पॉलिसीच देणार नाहीत, सोडून द्या’ असा सल्ला देणारे एजंट भेटतात. त्यांचं ऐकू नका. लपवलेलं कळलं की मनगटाचा क्लेमही जातो, आणि कळतंच, कारण तिकडचे डॉक्टर पहिल्याच कागदावर पूर्वीचे आजार लिहून घेतात. एका कंपनीने नाही म्हटलं तर दुसरीकडे विचारा.

मग जायचं कधी? केमो संपून रक्ताचे रिपोर्ट पूर्वपदावर आले की पेशी खाली जाण्याचा धोका बराच ओसरतो. पुढे फक्त ट्रास्टुझुमॅब चालू असताना डॉक्टरांनी होकार दिला, तर एक इंजेक्शन इथे घेऊन दोन-अडीच आठवडे तिकडे राहायचं आणि पुढच्या तारखेच्या आत परत यायचं. बारशाला किंवा बाळ जरा मोठं झाल्यावर असं जाणं जमू शकतं. दोन महिने मात्र जमणार नाहीत. इंजेक्शन तिकडे घ्यायचं तर सगळा खर्च खिशातून. इथून नेऊ म्हणाल, तर ते २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावं लागतं आणि तिकडची हॉस्पिटलं बाहेरून आणलेलं औषध सहसा देत नाहीत.

तारीख चुकवली तर काय होतं तेही सांगते, कारण ते विम्याशी थेट जोडलेलं आहे. तीन आठवड्यांच्या वेळापत्रकात नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोला ६ मिलिग्रॅम असतो. ठरल्या दिवसापेक्षा आठवड्याहून जास्त उशीर झाला की पुन्हा सुरुवातीचा मोठा डोस (लोडिंग डोस), म्हणजे किलोला ८ मिलिग्रॅम द्यावा लागतो. बिल वाढतं, विम्याची रक्कम तेवढी जास्त खर्ची पडते आणि टीपीएकडून हमखास प्रश्न येतो, डोस का वाढला? डिस्चार्ज समरीत डॉक्टरांनी एक ओळ लिहिली असेल, की रुग्ण प्रवासात असल्याने अमुक दिवसांचा खंड पडला म्हणून लोडिंग डोस दिला, तर प्रश्न तिथेच मिटतो. ती ओळ नसली की क्वेरी, उत्तर, पुन्हा क्वेरी असं सुरू होतं आणि आई डे केअरच्या खाटेवर ताटकळत बसते.

खंडाबद्दल अजून थोडं. पॉलिसीच्या व्याख्यांमध्ये ‘एकच आजार’ म्हणजे काय ते दिलेलं असतं. जिथे उपचार घेतले तिथल्या शेवटच्या तपासणीपासून ४५ दिवसांच्या आत तोच आजार उलटला, तर तो आधीच्याच आजारपणात मोजतात. त्यापेक्षा मोठा खंड पडला की मोजणी नव्याने होते. त्यावरून क्लेम नाकारत नाहीत, पण ज्या पॉलिसीत आजारागणिक मर्यादा आहेत किंवा रक्कम संपल्यावर ती पुन्हा भरून मिळण्याची सोय आहे, तिथे आकडे बदलू शकतात. निघण्याआधी टीपीएला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या आश्वासनाचा पुढे उपयोग होत नाही. तिकडे काही उपचार झालेच तर त्याचे सगळे कागद आणा. पैसे मिळणार नसले तरी इथल्या फायलीत ते लागतात, लपवले तर संशय वाढतो.

ऑन्कॉलॉजिस्टचं पत्र तिकीट काढण्याआधी घ्या. त्यात निदान, औषधांची जेनेरिक नावं, शेवटच्या आणि पुढच्या डोसची तारीख, आणि अमुक ते अमुक काळात विमानप्रवास करायला हरकत नाही असं स्पष्ट वाक्य हवं. ‘स्वतःच्या जबाबदारीवर प्रवास करू शकतात’ एवढंच लिहिलेलं पत्र घेऊ नका. ट्रॅव्हल पॉलिसीत डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध केलेला प्रवास वगळलेला असतो आणि विमा कंपनी त्या वाक्याचा अर्थ तसाच लावेल. विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म लागतो का तेही विचारा. छातीत पोर्ट (औषध शिरेत सोडण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) बसवलेला असेल तर तो फ्लश करायची, म्हणजे आतून धुऊन घ्यायची तारीख प्रवासाच्या मध्ये येत नाही ना, तेवढं पाहा.

रिन्युअल प्रवासाच्या काळात येत असेल तर निघण्याआधी भरून टाका. वर्षाचा हप्ता एकदम भरणाऱ्यांना तारीख उलटल्यावरही भरायला ३० दिवसांची सवलत असते. त्यात भरलं तर जुनी वर्षं वाया जात नाहीत, पण हप्ता न भरलेल्या त्या दिवसांत झालेल्या उपचारांचे पैसे मिळत नाहीत. तिकडून ऑनलाइन भरू म्हणणाऱ्यांचा ओटीपी मुलुंडच्या घरी ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या सिमवर येत राहतो. सवलतीचे दिवसही उलटले तर तुमच्या आईच्या बाबतीत ते फार महागात पडेल, कारण कॅन्सर झालेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळणं अतिशय अवघड आहे. मात्र आधी क्लेम घेतलेत किंवा परदेशी जाऊन आलात म्हणून रिन्युअल नाकारता येत नाही, हा तुमचा हक्क आहे.

आणि एवढं करूनही परत आल्यावर कोणी ‘उपचारात खंड पडला’ एवढ्याच कारणाने क्लेम नाकारला, तर ते मान्य करू नका. पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जाता येतं. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे, पण मुलुंड ठाण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतं. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जायचं. पॉलिसीचं भौगोलिक मर्यादेचं पान आणि आईच्या पुढच्या डोसच्या तारखा इथे टाकल्यात तर प्रवासाचे दिवस नेमके कुठे बसतात ते बघून सांगते. नाव आणि पॉलिसी नंबर तेवढा झाका.