पोदेराचा भोंगा आणि पेज

बाय,

चार वाजता पोदेराचा, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्याचा, भोंगा वाजला की पोटात कालवतं, गरम उंडो पाव आणि चहा घेतल्याशिवाय पुन्हा लॅपटॉपसमोर बसवत नाही, असं लिहिलंस. ‘ही भूक खरी की मन फसवतंय?’ मन बिचारं कशाला फसवेल? भूक लागते ती लागतेच. घ्रेलिन नावाचं संप्रेरक जठरातून पाझरतं. १९९९ साली जपानी संशोधकांनी ते शोधून काढलं. रोजच्या खाण्याची वेळ जवळ आली की ते आधीच चढतं, आणि न खाता वेळ टळली तर आपसूक उतरतंसुद्धा. रोज चारला उंडो खाल्लास, शरीर चारला हात पसरणार. सवय तू लावलीस, पोदेरावर कशाला ढकलतेस?

माझं सांगतो. आमच्या घरी सकाळी दहाला पेज. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, तोंडी लावायला मिठाच्या पाण्यातली तोर, म्हणजे कैरी. वडील उजाडायच्या आत शेतात उतरायचे, दहाला चिखलाच्या पायांनी परत यायचे. त्यांची भूक शंभर नंबरी. मी पणजीत खुर्चीवर बसून कारकुनी केली. दहाची वेळ तेवढी वारशाने आली, नांगर नाही आला. पेजेच्या जागी पातळ भाजी, दोन पाव, वर मिरची भजी. एकतीस वर्षं! रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं, ‘भुकेशिवाय कधी खाल्लं नाही हो.’ खोटं नव्हतं ते. तिथेच तर सगळा घोटाळा.

म्हणून एकच विचार स्वतःला. आत्ता पुढ्यात मीठ घातलेली साधी पेज ठेवली, तर खाशील? खाशील तर ती भूक. ऊठ आणि जेव, मग चार वाजलेले असोत की रात्रीचे अकरा. ‘पेज नको, उंडोच हवा’ असं आलं तर ती सवय. तिला अर्धा तास बाहेर बसवून ठेव. सवय कंटाळून निघून जाते. भूकही जाते कधी कधी, पण परत येते, आणि येताना नखरे घरी ठेवून येते.

पोट गुरगुरलं म्हणून लगेच भुलू नकोस. जठर-आतडी रिकामी असली की दर दीड-दोन तासांनी स्वतःची झाडलोट करतात, त्याचाही आवाज होतो. मात्र हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर पेज-बीज विचारत बसू नकोस, मिळेल ते गोड खा. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर मुळीच वाट पाहू नये.

आणि एक. दुपारी नीट शीत-हुमण जेवतेस, की मीटिंग ऐकत चार घास ढकलतेस? तसं असेल तर चारची भूक खरीही असेल. मला काय विचारतेस, पेजेला विचार.

तुझी काकी म्हणते, मला या पेजेचं वेड लागलंय. लागू दे. एका श्रावणात बहिणीने हळदीच्या पानातल्या पातोळ्या पुढे केल्या. वाफ येत होती. मी म्हटलं, ‘आत्ता पेज दिलीस तर जाणार नाही, म्हणजे भूक नाही.’ ती काही बोलली नाही, ताटावर झाकण ठेवून आत गेली. पुढच्या श्रावणाला ती नव्हती. एक पातोळी खाल्ली असती तर साखर आभाळाला भिडली नसती, ठाऊक आहे मला. पण आज पातोळीला सूट, उद्या भजीला, परवा पुन्हा दहाची भाजी. स्वतःला ओळखतो मी. नियम बरोबरच होता. तिला सांगायची रीत चुकली असेल.

रविवारी आलीस तर दहाला ये. पेज असेल, तोरही आहे बरणीत. भूक नसली तर नुसती बस.

तुझा काका